कठडेवाले काका

रामटेके काका पुतण्यासाठी मुलगी पाहायला रोहण्याला गेले आणि विहीर पाहून परत आले. पोहे खाऊन झाले होते, मुलगी सगळ्यांना पसंत होती, आणि यांनी मुलीच्या बापाला विचारलं, "तुमच्या वावरातल्या विहिरीले कठडा हाय का?" नव्हता. "मंग सोयरीक नाई," म्हणून काका उठलेच! पुतण्या महिनाभर त्यांच्याशी बोलला नाही. शेवटी सासऱ्यानेच विटा आणून कठडा बांधला, तेव्हा कुठे लग्न लागलं.

हे आमचे नालवाडीतले शेजारी. एका सरकारी खात्यातून ओव्हरसियर म्हणून रिटायर झालेले, काकू वारल्यापासून एकटेच. माझं कचेरीसमोर टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान. दर सोमवारी काका निवेदन टाइप करून घ्यायला हजर. निवेदनाचा विषय ठरलेला: जंगलालगतच्या उघड्या विहिरींत जनावरं पडून मरतात, तेव्हा सरकारने कठड्याची सक्ती करावी. मजकूर तोच, पण काका शब्द न् शब्द नव्याने सांगणार. मी एकदा वैतागून म्हटलं, "काका, मागचीच प्रिंट काढतो ना."

"काऊन? जनावर मागचंच पडते का?"

मी नवी फाईल उघडून पहिल्या ओळीपासून टाइप करायला बसलो, कपाळ!

त्यांना प्रत्येक कागदाची पोच लागते, आणि स्वतःही ते प्रत्येक गोष्टीची पोच देतात. आमच्या हिने एकदा डबाभर गोळाभात पाठवला. डबा परत आला, आत चिठ्ठी: 'गोळाभात मिळाला. मीठ कमी.' खाली सही. ही आठवडाभर धुसफुसत होती.

मग राज्याच्या वन्यजीव धोरणाचा मसुदा निघाला आणि लोकांकडून सूचना मागवल्या गेल्या. काकांच्या अंगातच आलं. हिंगणीच्या ग्रामसभेचा ठराव जोडायचा म्हणून मलाही ओढत नेलं. तिथे एक जण उसळला, "हे रोही आमची तूर खाऊन राह्यले, आन् तुमी त्याइच्यासाठी कठडे मांगून राह्यले?" नीलगाईंना आमच्याकडे रोही म्हणतात. मला वाटलं, आता आम्ही मार खातो.

काका शांतपणे म्हणाले, "बाप्पा, रोही विहिरीत सडला त ते पानी कोन पेते? मुंबईचा साहेब?"

सभा हसली. ठराव एकमताने झाला.

पुढचे कित्येक महिने काका दुकानात येऊन एवढंच विचारायचे, "आलं का?" आणि गेल्या मंगळवारी आलं. मी कॉम्प्युटरवर नवं धोरण उघडलं. एका कलमात ओळ होती, वनालगतच्या उघड्या विहिरींना कठडा बंधनकारक. मी मोठ्याने वाचली. वाटलं, काका आता नाचतील, पेढे मागवतील. ते बाकावर बसले.

"आनखी एकडाव वाच."

वाचली.

"हिंगणीकडच्या किती विहिरी मीच पास केल्या," ते म्हणाले. "कठडा नसतानी 'काम पूर्ण' लिहून सही मारली. एकडाव तिकडं गेलतो, त रोह्याचं पिल्लू आत पडेल होतं. पोहून पोहून थकलं होतं. माय काठावर उभी. मानसं आले तरी हटली नाई. दोर आनेपर्यंत पिल्लू गेलं रे. आन् ते माय माह्याकडं पाहत राह्यली."

मी खुर्ची त्यांच्याजवळ सरकवली.

"तुही काकू होती तवा तिलेबी सांगतलं नाई. शरम वाटे. आता सांगाले घरी कोनी नाई, म्हनून तुले सांगतलं." त्यांनी लांब श्वास सोडला. "सुटलो रे बाप्पा."

आणि भर दुपारी, त्या अरुंद बाकावर, काका चक्क झोपले. तोंड उघडं, घोरणं सुरू. खरं सांगतो, मला रडू आलं आणि बरंही फार वाटलं. मी झेरॉक्स मशीन बंद करून टाकलं.

तेवढ्यात एक वकीलसाहेब घाईत आले. "अर्जंट आहे हो!"

"साहेब, हळू बोला," मी म्हटलं. "लय वर्षांनी झोपले आहेत."