छपरावरची राजकन्या

संत पेत्काची शपथ घेऊन सांगते, यातला शब्दन् शब्द खरा आहे. एक अक्षर जरी खोटं निघालं तर माझ्या शेळ्या आटोत, माझ्या मिरच्या भाजताना जळून कोळसा होवोत आणि मांडवावरच्या द्राक्षांचा नुसता आंबूस पाला होवो. आता ऐका.

झाखारी तोंचेव हा घरजावई होता. बाल्कन डोंगराच्या पलीकडून तो लग्न करून इकडे आला, आणि त्या दिवसापासून सासूने, म्हणजे त्रेंडाफिला आजीने, त्याला कधी नावाने हाक मारली नाही. "ए पलीकडच्या, लाकडं फोड." "ए पलीकडच्या, शेळी सुटली." बायको सेव्दा तालुक्याच्या गावी शिवणकारखान्यात जायची ती संध्याकाळी यायची. मुलगी रायना शाळेत. राहता राहिली सासू, आणि ती कुठेच जायची नाही.

झाखारीला जगात एकच आसरा होता. गावच्या वाचनालयावर एक खोली होती, तिला म्युझियम म्हणायचे, आणि तो तिथला राखणदार होता. गावाबाहेरच्या थ्रेसियन टेकाडातून, म्हणजे अडीच हजार वर्षांपूर्वीच्या राजांच्या थडग्यातून, सोन्याचं निघालं ते राजधानीला, सोफियाला गेलं, चांदीचं निघालं ते जिल्ह्याला गेलं, आणि गावाच्या वाट्याला फुटकी मडकी, घोड्याचा गंजका लगाम आणि चाळणीत राहून गेलेला एका लहान मुलीचा दात आला. झाखारीने त्याखाली स्वतःच्या अक्षरात पाटी लावली, 'राजकन्या'. बघायला कुत्रं येत नसे. पण सासूही येत नसे, आणि त्यातच सगळं आलं. आजी म्हणायची, "आपल्याच पणज्यांची मडकी बघायला तिकीट काय काढायचं?"

अशात जिल्ह्यावरून निरोप आला की माणसं येत नसतील तर उन्हाळ्यात म्युझियमला टाळं लागणार.

"बरं झालं," आजी म्हणाली. "शेळ्यांमागे माणूस हवाच होता."

झाखारीने हातातला घास परत ताटात ठेवला. सकाळपासून रात्रीपर्यंत शेळ्या आणि सासू, मरेपर्यंत! तेवढ्यात देव पावला. सोफियाहून डॉक्टर मिग्लेना कानेवा नावाच्या बाईंचा फोन आला. जुन्या हाडांमधला डीएनए तपासणं हा त्यांचा धंदा. टेकाडातल्या बाकीच्या हाडांतून काही मिळालं नव्हतं, पण दात चिवट असतो, आतलं जपून ठेवतो. "तुमच्याकडे एक दात आहे म्हणे. गुरुवारी येते." यातून काही निघालं तर गावाचं नाव होणार, माणसं येणार, म्युझियम वाचणार.

"त्या दातातून कळणार काय?" आजीने विचारलं.

"थ्रेसियन लोक मूळचे कुठले ते, आई. कोणी म्हणतं उत्तरेच्या माळरानावरून घोडे घेऊन आले, कोणी म्हणतं त्याआधीचे शेतकरी, जे अनातोलियाकडून..."

"कुठून?" आजीने कालथा आपटला. "माझ्या स्वयंपाकघरात असलं बोलायचं नाही. आम्ही कुठूनही आलेलो नाही. आम्ही इथेच होतो. आलेला तू आहेस."

"दात खोटं बोलत नाही, आई."

"कोण कुठून आलं ते शेजाऱ्यांना विचारावं. दाताला कशाला?"

आता म्युझियमचं छप्पर गळायचं, आणि उंदरांनी लगामाचं चामडं कधीच खाल्लं होतं. बाई येईपर्यंत राजकन्येचं काही बरंवाईट व्हायला नको, म्हणून बुधवारी झाखारीने तो दात कापसात गुंडाळून घरी आणला, रकियाच्या, म्हणजे घरच्या द्राक्षाच्या दारूच्या, लहान पेल्यात ठेवला, पेला फळीवर सरकवला आणि म्युझियम झाडायला गेला. सासूला सांगितलं नाही. सांगितलं की ती काहीतरी बोलायची, म्हणून नाही सांगितलं.

परत आला तर आजी अंगणात मिरच्या भाजत बसलेली, आणि तोच पेला तिच्या हातात. पेल्यात रकिया.

"आई... यात दात होता."

"होता ना. कावळ्याला दिला."

"कोणाला?"

"कावळ्याला. रायनाचा दात कधीचा हलतोय, पडला असेल सकाळी. आणि बापाने काय करावं? पेल्यात ठेवून दिला! घराकडे पाठ केली, खांद्यावरून छपरावर फेकला, आणि म्हटलं, कावळेबाई, हा हाडाचा घे आणि आमच्या पोरीला लोखंडाचा दे. तुला आठवण झाली असती का?"

तेवढ्यात फाटक वाजलं. रायना दप्तर ओढत, तोंडात बोट घालून आली. "बाबा, बघा ना, अजून हलतोय!"

झाखारी मटकन खाली बसला. खाली गरम मिरच्यांचं घमेलं होतं, हे त्याला बसल्यावर कळलं.

शिडी लावून तो वर चढला. कौलं जुनी, शेवाळलेली. पालथा पडून तो एकेका फटीत बोट घालत होता आणि रडकुंडीला आला होता. शेजारी रश्को राहायचा. म्हातारा माणूस, कानांवर बारा महिने टोपी. सांगायला मधमाश्या पाळायचा, पण टेकाडांत सोनं शोधत हिंडायचा हे गावातल्या कोंबड्यांनाही ठाऊक होतं.

"झाखारी, वर काय शोधतोस?"

"काही नाही, रश्कोकाका!"

म्युझियमचा माणूस छपरावर पालथा पडलाय, कौलाखाली बोटं घालतोय, आणि म्हणतोय काही नाही. रश्कोने काय समजायचं ते समजून घेतलं. पाच मिनिटांत तो सोनं शोधायचं यंत्र गळ्यात अडकवून वर हजर.

"अर्धं अर्धं," तो कुजबुजला.

"अहो, दात हरवलाय! राजकन्येचा!"

"सोन्याचा?"

"हाडाचा!"

"असं सगळेच म्हणतात," म्हणत रश्को पुढे सरकला. माळ्याच्या खिडकीपाशी यंत्र किंचाळलं. त्याने एक कौल उचललं, खालून तंबाखूची एक गंजकी डबी काढली, क्षणभर बघितली आणि खिशात टाकली. "कचरा."

"रश्को!" खालून आजी ओरडली. तिचा आवाज जरा चिरकला. "उतर खाली आत्ताच्या आत्ता!"

रश्को दचकला, पाय घसरला, आणि कौलांची अख्खी ओळ धडाधड अंगणात आली. त्यांच्यासोबत आले दात. एक नाही, दोन नाही. या घरात जन्मलेल्या प्रत्येक पोराने आजवर कावळ्याला दिलेला प्रत्येक दात. आजीचे, आजीच्या भावांचे, सेव्दाचे. कावळ्याने एकही नेला नव्हता. सगळे पावसाने, शेवाळाने सारखेच तपकिरी झालेले.

झाखारीने ते वेचून लोणच्याच्या बरणीत भरले आणि बरणीकडे बघत राहिला. "यातली राजकन्या कोणती?"

तिघं टेबलाभोवती बसले. दात या हातातून त्या हातात फिरू लागले.

"हा," रश्को म्हणाला. "याला एक तोरा आहे."

"तो माझ्या भावाचा असणार, किडका आहे," आजी म्हणाली. "हा बघ. नाजूक, पण ताठ. थेट आपल्या घराण्यावर गेलाय. हीच राजकन्या."

"आई, तुम्हाला कसं कळलं?"

"रक्त रक्ताला ओळखतं, पलीकडच्या. तुला नाही कळायचं."

झाखारीकडे दुसरा दात होता कुठे? म्हणजे दात पुष्कळ होते, अक्कल चालत नव्हती. तोच कापसात गुंडाळला.

गुरुवारी डॉक्टरबाई आल्या. हातमोजे, तोंडाला फडकं, डोक्याला टोपी. दात चिमट्याने उचलून त्यांनी विचारलं, "उघड्या हाताने कोणी शिवलं नाही ना याला?"

झाखारी 'छे छे' म्हणणार तोच आजी म्हणाली, "सगळ्यांनी शिवलं! मी, याने, शेजारच्याने. घरचीच मुलगी ती, तिला काय विटाळ?"

बाईंनी डोळे मिटून घेतले. "मग तुम्हा तिघांची थुंकी लागेल. तुमच्या खुणा वजा करायला."

आजी ऐटीत नळीत थुंकली. झाखारी थुंकला. रश्कोची वेळ आली तशी आजी एकदम म्हणाली, "त्याची कशाला? परका माणूस."

"हात लावलाय ना त्यांनी?"

रश्कोने आमच्याकडच्या रीतीप्रमाणे होकाराची मान डावी-उजवीकडे हलवली, आजीकडे न बघता नळी घेतली, आणि तोही थुंकला.

हिवाळा गेला. झाखारी रोज म्युझियममध्ये जाऊन राजकन्येच्या रिकाम्या डबीची धूळ पुसायचा. गुलाबाला कळ्या धरल्या आणि एका सकाळी बाईंचा फोन आला. झाखारीचा फोन पडून पडून असा झाला होता की ओरडून बोलायचा, हळू बोलणं त्याला येतच नव्हतं.

"तोंचेव, तुमच्या दातात जुनं काही नाही," बाई खणखणीत आवाजात म्हणाल्या. "निम्मं तुमच्या सासूबाईंचं, निम्मं त्या शेजाऱ्यांचं. अहवालात मी लिहू शकते की हाताळून खराब झाला. पण खासगीत सांगते, हात लावून बरोब्बर निम्मं-निम्मं होत नाही. ते एकाच प्रकारे होतं. हा दात त्या दोघांच्या पोटच्या मुलीचा आहे. तुम्ही कोणाचा दात दिलात मला?"

झाखारीने खिडकीतून पाहिलं. बाहेर सेव्दा कपडे वाळत घालत होती. केस वर बांधलेले. तिचे ते कान, पातेल्याच्या कड्यांसारखे दोन्हीकडे उभे. त्याने भिंतीवरच्या सासऱ्याच्या फोटोकडे पाहिलं. बिचारा गांचो! तरुणपणी रशियात कोमीच्या जंगलात लाकडं तोडायला गेला होता, वर्षातून एकदा यायचा. फोटोतले कान डोक्याला डिंकाने चिकटवल्यासारखे. मग त्याला रश्कोची बारमाही टोपी आठवली.

"तोंचेव? खरं सांगितलंत तर मी दुसरा दात तपासते. तुमचं म्युझियम वाचेल."

दारात त्रेंडाफिला आजी उभी होती. हातात बनित्साची, म्हणजे चीज भरलेल्या खुसखुशीत पोळीची, थाळी. किती वेळ उभी होती देव जाणे, पण त्या फोनचं ऐकायला फार वेळ लागत नसे. तिने थाळी त्याच्यापुढे ठेवली.

"खा, झाखारी. गरम आहे तोवर."

लग्नानंतर पहिल्यांदा! झाखारीच्या डोळ्यांत पाणी आलं, आनंदाचं की भीतीचं ते त्यालाही सांगता आलं नसतं. त्याने सेव्दाकडे पाहिलं. ती कपडे झटकत काहीतरी गुणगुणत होती.

"हाताळूनच खराब झाला हो," तो फोनमध्ये म्हणाला. "तसंच लिहा."

"मग दुसरा दात द्या."

झाखारीने फळीकडे पाहिलं. बरणी रिकामी, धुऊन पालथी घातलेली.

"कावळ्याचं कावळ्याला दिलं," आजी हळूच म्हणाली.

आणि वर छपरावर खरड खरड आवाज येत होता. रश्को नवी कौलं बसवत होता. भरपूर सिमेंट लावून.

"दुसरा दात नाही," झाखारी म्हणाला आणि फोन ठेवला. गेलं म्युझियम. गेला आसरा. बनित्सा चांगली झाली होती, हे त्यातल्या त्यात.

पण आजी कच्ची नव्हती. फोनमधलं तिने एक वाक्य नीट उचललं, बाकीचं गाळलं. संध्याकाळपर्यंत गावभर झालं: सोफियाच्या डॉक्टरांनी तपासलं, राजकन्या निम्मी त्रेंडाफिला आहे! आठवड्यात पेपरवाले आले. बाई ओरडून सांगत होत्या की तसं नाही, नमुना खराब झालाय, पण ते छापायला पेपरात जागा नव्हती. गुलाबांचा हंगाम बघायला आलेल्या पर्यटकांच्या बस आमच्या गावाकडे वळायला लागल्या.

जिल्ह्यावरून निरोप आला. म्युझियम बंद करायचं नाही. उलट रोज उघडायचं, सुट्टीच्या दिवशीसुद्धा. आणि राजकन्येच्या वंशजांनी तिथे बसावं.

"आई, तुम्ही... इथे?" झाखारीने विचारलं.

"मग काय राजकन्येला शेळ्यांमागे धाडतोस?" भरतकामाचा झगा, कपाळावर नाण्यांची माळ, आजी लगामाशेजारच्या खुर्चीत बसली ती उठली नाही. "आणि ती मडकी पुस आधी. ए पलीकडच्या, काठी घे, माझ्याकडे दाखव आणि सांग लोकांना!"

म्हणजे त्या बनित्सानंतर नावाची हाक बंदच. रोज सकाळपासून दिवेलागणीपर्यंत झाखारी काठीने सासू दाखवायचा. चुकला की सासू सगळ्यांसमोर दुरुस्त करायची. एकदा एका पाहुण्या बाईने विचारलं, "निम्मी तुम्ही, मग उरलेली निम्मी कोण?"

"माती," आजी म्हणाली. "टेकाडातली."

शेवटी झाखारीने जिल्ह्यावर हात जोडले, म्हणाला, मला यातून सोडवा, मी शेळ्या राखीन. ते म्हणाले, तुमच्यासारखा जाणकार आम्ही सोडणार नाही. आणि शेळ्यांना माणूस मिळालाही होता. म्युझियमच्या खिडकीतून झाखारीला रोज दिसायचा तो. टेकाडावर, वाऱ्यात, एकटा, शीळ घालत, रश्को त्रेंडाफिलाच्या शेळ्या चारायचा. उकाड्याने टोपी काढलेली, कान दोन्हीकडे उभे.

तर असं सगळं. शब्दन् शब्द खरा.

बरं, एवढे टक लावून बघू नका. एक गोष्ट मी पदरची घातली. सोनं शोधायचं यंत्र रश्कोने त्या दिवशी आणलंच नव्हतं. तो हात हलवत चढला आणि रोजची पायवाट असावी तसा थेट माळ्याच्या खिडकीजवळच्या, त्या डबीच्या कौलाशी गेला.