रविवारचा फोन बुजगावण्याकडे

शिकून लांब गेलेल्यांनो, दर रविवारी तुम्ही आईवडिलांशी बोलत नाही, त्यांच्या शेतातल्या बुजगावण्याशी बोलता, आणि हे तुमच्या लक्षातही येत नाही.

आमच्या हिंगणखेड्यात ही गोष्ट रंगनाथकाकांच्या शेतात उघडकीस आली. गावात रेंज मिळते ती फक्त त्यांच्या ज्वारीच्या टेकाडावर. तिथंच बुजगावणं उभं असतं. बांबूचा सांगाडा, मडक्याचं डोकं आणि अंगात सुदर्शनचा कॉलेजातला निळा शर्ट. सुदर्शन हा काकांचा एकुलता मुलगा, जर्मनीत असतो. त्याचा फोन चुकू नये म्हणून गयाकाकू मोबाइल त्या शर्टाच्या खिशातच ठेवायच्या आणि फोन वाजला की टेकाडाकडं पळायच्या. एका रविवारी दोघंही खळ्यावर अडकले. फोन वाजतच राहिला, तेव्हा बुजगावण्यानं तो उचलला. बोलणं त्याला पाठच होतं.

"आमचं समदं ठीक हाय. तू जेवलास का? यायची घाई करू नगंस."

काकूंना ते सोयीचं वाटलं. पळापळ वाचली.

मग काकांच्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला. तालुक्याचे डॉक्टर म्हणाले, "आता थांबलात तर नजर जाईल. ऑपरेशनला मुलाला सोबत आणा." काकूंनी ठरवलं, या खेपेला लेकाला खरं सांगायचं आणि ये म्हणायचं. त्यांनी टेकाडावर जाऊन फोन मागितला. बुजगावण्यानं दिला नाही.

प्रकरण ग्रामसभेत गेलं. बुजगावण्याला खुर्ची दिली, पण त्याला बसता येत नसल्यामुळे ते उभंच राहिलं.

"मी एकबी रविवार चुकवला नाही," ते म्हणालं.

ग्रामसेवकांनी विचार करून निर्वाळा दिला, "कसेल त्याची जमीन, तसा उचलेल त्याचा फोन."

मी उठून म्हणालो की हा अन्याय आहे. सरपंचबाई म्हणाल्या, "अन्याय आजच्या विषयात नाही. बस खाली."

काकू पुढं झाल्या. "आरं मडक्या, माझं लेकरू हाय ते. एकडाव तरी बोलू दे."

"बोल," बुजगावणं म्हणालं. "पण रडायचं नाही. फोनवर रडायची आपल्यात पद्धत नाही."

पुढच्या रविवारी अर्धं गाव टेकाडावर जमलं. फोन वाजला. काकू ओरडूनच बोलल्या, कारण जर्मनी लांब आहे.

"सुदर्शन, तुझ्या बापाचा डोळा चाललाय रे. ऑपरेशन हाय. तू ये."



"मी सुदर्शन नाही," पलीकडून आवाज आला. "मी त्याचा कोट. दारामागं खुंटीला असतो. रविवारी तो दमलेला असतो, म्हणून फोन मी करतो."

"मंग त्याला निरोप तरी देशील?"

"माझ्याकडं 'मी मजेत आहे' एवढंच सांगायचं काम आहे."

काकूंनी फोन दुसऱ्या कानाला लावला. "थंडीत त्याच्या अंगावर असतोस ना?"

"असतो."

"गुंड्या लावतो का नीट?"

"वरची राहते."

"तेवढी लावत जा म्हणावं," काकू म्हणाल्या. निरोप देणं कोटाच्या कामात नव्हतं, तरी तो "बरं" म्हणाला.

त्या रडल्या नाहीत. त्यांनी फोन बुजगावण्यापुढं धरला. या वेळी ते घेईना.

"मला खाली उतरवा," ते म्हणालं. "शर्ट त्याचा हाय. मला जाणं भाग हाय."

त्याला उपटून काकांचं धोतर नेसवलं. ज्वारीवर पाखरं उतरायला लागली होती, म्हणून काकू त्याच्या जागी हात पसरून उभ्या राहिल्या. फोन कमरेला खोचलेला होता.

एस.टी.त कंडक्टरनं मुकाट्यानं बुजगावण्याचंही तिकीट फाडलं. दवाखान्यात 'नातं काय?' असं विचारल्यावर बुजगावण्यानं 'मुलगा' म्हणून सांगितलं आणि अंगठा टेकवला. मातीचा ठसा उमटला. मी सोबत गेलो होतो आणि मला बरंच काही बोलायचं होतं. पण काकांनी त्याचा बांबूचा हात घट्ट धरला होता, म्हणून मी गप्प बसलो.

काकांच्या डोळ्यात औषधाचे थेंब टाकता टाकता नर्सबाईंनी बुजगावण्याकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं. त्याच्या कॉलरवरची वाळकी काडी झटकली आणि त्या काकांना म्हणाल्या, "नशीबवान आहात, बाबा. अंगानं जरा वाळलाय, पण पोरगा स्वतः आलाय."