पाटीआडची खिडकी

हॅदरविक या गावाच्या नावातल्या ‘विक’ या जुन्या शब्दाचा अर्थ सांगणारी पाटी तळ्याकाठी लावायची, असं गावसमितीत ठरलं आणि ते काम नॉर्मनच्या गळ्यात पडलं. त्याला उभ्या जन्मात कुणाला नाही म्हणता आलं नव्हतं.

जागा ठरली ती नेमकी त्याच्याच खिडकीसमोर. त्या खिडकीशी त्याची बायको मॉड बसायची. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून तळ्यातली बदकं हीच तिची करमणूक होती. पण पाटी हातभरच असणार होती, त्यामुळे कुणाची हरकत नव्हती.

‘विक’ म्हणजे दुभत्या जनावरांचा गोठा, असं पुस्तकात निघालं. दूधवाला हेस्केथ खूश झाला. मग दुकानदारीण मिसेस स्नेप केक घेऊन आल्या.

“बाजारपेठ असाही अर्थ आहे म्हणे. मला काय, मी आपलं सांगितलं.”

“बसवू की,” नॉर्मन म्हणाला.

तळलेले मासे विकणाऱ्या गिल्बर्टने ‘मिठागर’ असा अर्थ शोधून काढला. धर्मगुरू म्हणाले, “नुसती वस्ती, असंही म्हणतात.” ज्याला त्याला आपल्या सोयीचा अर्थ सापडत होता आणि पंचाईत अशी, की सगळेच बरोबर होते. नॉर्मन मान डोलवत गेला, सुतार फळ्या जोडत गेला. पाटी उभी राहिली आणि खिडकीत अंधार झाला.

“छान झालीय,” मॉड म्हणाली. ती छान म्हणाली की काहीतरी बिनसलंय, हे नॉर्मनला पक्कं ठाऊक होतं. त्याला फार वाईट वाटलं.

पुढच्या बैठकीत तो उभा राहिला.

“नाही,” तो म्हणाला. “ही पाटी तिथे नाही चालायची. माझ्या बायकोची बदकं दिसेनाशी झालीत.”

इतकं स्पष्ट बोलणं ऐकून सगळे असे अवघडले, की उद्याच पाटी काढायचं बिनविरोध मंजूर झालं.

नॉर्मन छाती काढून घरी आला. मॉड किलकिल्या खिडकीला कान लावून बसली होती.

“मॉड, मी चक्क नाही म्हणालो.”

“हळू बोल.”

बैठकीहून परतणारी मंडळी पाटीपलीकडे थांबली होती. “गोठा सगळ्यात वर का म्हणून?” हा आवाज मिसेस स्नेपचा. “तुमच्या शिळ्या केकपेक्षा गोठा बरा,” हेस्केथ म्हणाला.

“रोज चालतं हे,” मॉड कुजबुजली. तिचे डोळे चमकत होते. “पाटीआड मी बसलेय हे कुणाच्या ध्यानातच येत नाही. धर्मगुरू गिल्बर्टच्या बायकोबद्दल काय म्हणाले, ते तर मी तुलासुद्धा सांगणार नाही.”

“अगं, पण तुझी बदकं?”

“बदकं कधी एकमेकांबद्दल काही बोलतात का?”

“पण उद्या काढतायत पाटी.”

मॉडने त्याची टोपी उचलून त्याच्या हातात दिली.

“मग जा, आणि नाही म्हणून ये. आता जमतंय ना तुला?”