समोरचं खोकं

"हरवणं म्हणजे काय, हे मला ठाऊकच नाही. माझ्या गोदामात एखाद्या वस्तूला हरवायचं असेल, तर तिला आधी माझी परवानगी घ्यावी लागते," असं म्हणत गोदामपालांनी डोळ्याला भिंग लावलं. भिंग उलटं होतं, पण आत्मविश्वास सुलट होता.

बंद पडलेल्या शाळांची, कचेऱ्यांची कागदपत्रं भरलेली नऊ हजार खोकी त्यांच्या ताब्यात होती. ते स्वतःला गुप्तहेर समजत. बाकीचे त्यांना 'दुर्बीण' म्हणत, कारण जवळचं त्यांना दिसत नसे.

त्यांच्या हाताखालच्या कारकूनबाईंनी घड्याळाकडे पाहिलं. साडेतीन. समोर बाकावर शिवणकाम करणाऱ्या मावशी बसल्या होत्या. वय बावन्न. छत्तीस वर्षांनी त्यांना अकरावीत जायचं होतं. शाळा सोडल्याचा दाखला पाचच्या आत कॉलेजात पोचला, तरच प्रवेश. दाखला होता खोकं क्रमांक ४१७ मध्ये, आणि ४१७ गायब.

"साहेब, नोंदवही बघूया का?" बाईंनी विचारलं.

"गोपनीय आहे ती," असं म्हणून साहेबांनी वहीवर कोपर ठेवलं. "हे काम डावखुऱ्या चोराचं आहे!"

"कशावरून?"

"उजव्या हाताचा एकही पुरावा नाही!"

दहा मिनिटांनी चोर बाद झाला आणि वाळवी आली. "खोक्यासकट खाल्लंय. कपटासुद्धा शिल्लक नाही. अत्यंत शिस्तीची वाळवी!"

मग त्यांची नजर मावशींवर खिळली. "गणितात किती मार्क होते तुम्हाला?"

"अठ्ठेचाळीस."

"म्हणजे लपवण्यासारखं होतं तर!"

"अहो, लपवायचं असतं तर दोन बस बदलून मागायला कशाला आले असते?" मावशी म्हणाल्या. "लेकीनं काल मला दप्तर आणून दिलंय."

ते ऐकून बाईंना राहवलं नाही. साहेब वाळवीची चौकशी करायला वळले, तशी त्यांनी वही ओढून उघडली. साहेबांचंच अक्षर होतं. *खोकं ४१७. जागा: समोर.*

"बघा, किती नेमकी नोंद!" साहेब खूश झाले.

बाईंनी कपाळाला हात लावला. मावशी मात्र उठून आल्या. "समोर म्हणजे कुणाच्या समोर? माप घेताना आधी माणसाचं तोंड कुठे आहे ते बघावं लागतं. हे लिहिलंत तेव्हा तुम्ही कुठे तोंड करून बसला होता?"

"भिंतीकडे. पंखा बसवला तेव्हा टेबल फिरवलं," साहेब म्हणाले. "पण मध्ये बोलू नका, मी चोराच्या मागावर आहे."

"आणि खोकं तुमच्या मागे आहे," बाई म्हणाल्या.

भिंतीलगत, साहेबांच्या खुर्चीपासून दोन हातांवर, ४१७ धूळ खात बसलं होतं. वरून चौथाच कागद मावशींचा दाखला. बाईंनी नक्कल काढली, शिक्का मारला. मावशी निघाल्या त्या जवळजवळ पळतच.

पाचला पाच मिनिटं असताना फोन वाजला. "घेतलं मला!" पुढचं रडण्यात ऐकू आलं नाही.

साहेबांनी ताठ मानेनं कॉलर नीट केली. "सुटलं प्रकरण. माझी नोंद अचूक होती, भिंतच हलली."

बाईंनी वहीचं पान उलटलं. *४१८: त्याच्या शेजारी. ४१९: त्याच्याही शेजारी.*

"साहेब, आणि ४२०?"

साहेबांनी भिंगातून वाचलं. "सापडेलच."