कोटाजोगी थंडी

यंदा विदर्भ गटाने आपली डिसेंबरची थंडी कोकण गटाला द्यायची आणि बदल्यात मे महिन्यातला समुद्राचा वारा घ्यायचा, असं ठरलं. फक्त करार व्हायचा बाकी होता.

बोलणी लातूरच्या एका मंगल कार्यालयात झाली. विदर्भाकडून वरोऱ्याच्या कुसुमताई ढवस, कोकणाकडून मालवणचे तात्या मांजरेकर. तात्यांना सासऱ्यांनी लग्नात हौसेने लोकरीचा कोट शिवला होता. लग्नाच्या दिवशी घामाघूम होऊन घातला तेवढाच. सासरे गेले, कोट पेटीत राहिला, आणि त्याची तात्यांना मनापासून खंत होती. म्हणून तर त्यांनी ही बोलणी मागून घेतली होती.

गाडी अडली ती मूळ ठिकाणाच्या कलमावर. कोकणच्या तज्ज्ञांचं म्हणणं, थंडी मुळात उत्तरेची, विदर्भ नुसता मधला दलाल. विदर्भाने विचारलं, तुमचा वारा तरी कुठे मालवणात जन्मतो? शेवटी ठरलं, की एक रात्र मुक्काम केला की पाहुणा घरचा, तसंच थंडीवाऱ्याचं. माल मराठवाड्यातून जाणार, तेव्हा तिथल्यांनी वाटेत थोडा ठेवून घ्यायचा, हेही मंजूर झालं. लातूरकरांनी टाळ्या वाजवल्या.

मग कुसुमताईंनी थंडी किती देऊ असं विचारलं. म्हणाल्या, सगळीच न्या. इथे घात झाला. पहिल्या विचारण्याला हो म्हणायचं नसतं, हे तात्यांच्या अंगात मुरलेलं.

"नको, नको," ते म्हणाले. "वायच पुरे."

लेखनिकाने कलमात 'थोडीच' असं लिहून टाकलं. थोड्या थंडीत मालवणी माणूस फार तर बनियनवर शर्ट चढवतो. म्हणजे कोट पेटीतच राहणार. पण आपल्या तोंडाने मागायचं कसं?

पंगतीत कुसुमताई स्वतः वाढायला आल्या. तात्यांनी सवयीने पानावर हात आडवा धरला, आणि तो हात बघून ताईंना सगळं उमगलं.

"असं कसं पुरे? हात बाजूले घ्या, तात्या. वाढू द्या."

जेवणं झाल्यावर त्यांनी कलमात 'थोडीच' खोडून 'आग्रहाने' घातलं आणि सही केली.

डिसेंबरात मालवणच्या किनाऱ्यावर शेकोट्या पेटल्या. मासेवाल्या बायकांनी कानाला रुमाल बांधले. तात्या कोटाची वरची गुंडीसुद्धा लावून फिरायला निघाले. खिशात लग्नातल्या अक्षता निघाल्या.

"काय तात्यानू, थंडी वाजता?" शेकोटीपाशी बसलेल्या एका कोळ्याने विचारलं.

तात्यांचे दात कडकडत होते. इतका आनंद त्यांना कित्येक वर्षांत झाला नव्हता.

"वायच," ते म्हणाले.