दाजिबाच्या पिस्तुलाचा दसरा

मांड्या घालून बसा बघू, आणि मध्येमध्ये बोलू नका. एका जंगलात, बाभळीच्या बुंध्याशी, दाजिबा नावाचा ससा राहायचा. बीळ त्याने स्वतः खणलेलं, चांगलं ऐसपैस. त्यावर रंगराव कोल्ह्याचा डोळा होता. रंगरावाने निरोपच धाडला, की दसऱ्याला मी तुझ्या बिळात राहायला येतो, तू तुझी सोय बघ.

दाजिबाची पाचावर धारण बसली. पण त्याची बायको सगुणा खमकी. तिने त्याला रडत बसण्यापेक्षा बाजारात पिटाळलं. तिथे एका उंटाकडे त्याला मुठीत मावेल एवढं पिस्तूल मिळालं. एकावर एक अशा दोन आखूड नळ्या आणि त्यांत घालायला दोन जाडजूड काडतुसं. उंटाने बजावलं, हे लांबचं काही मारत नाही. समोरचा हातभर अंतरावर आला की मगच चाप ओढायचा.

मग काय विचारता! कालपर्यंत पाचोळा वाजला तरी दडून बसणारा दाजिबा भर वाटेने छाती काढून चालायला लागला. भेटेल त्याला तो पिस्तूल दाखवायचा.

दसरा उजाडला. घरात शस्त्र आलंय म्हटल्यावर पूजा नको का? सगुणेने पाट मांडला, पिस्तुलाला हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली. काडतुसं शेजारी वाटीत, अक्षतांसकट ठेवली.

तेवढ्यात रंगराव आला. हातात आपट्याची पानं. आला तो थेट दाजिबापासून हातभर अंतरावर उभा राहिला. दाजिबाने पाटाकडे हात नेला, तर सगुणेने तो धरला.

"पूजेतलं शस्त्र आज हलवायचं नाही," ती म्हणाली. "उद्या उत्तरपूजा झाली की काय ते करा."

दाजिबाला अगदी रडू यायचं बाकी होतं. पण कुळाचार मोडायचा कसा? तो त्या दिवशी सकाळीच सुरू झालेला असला म्हणून काय झालं? रंगरावाने पिस्तुलाला नमस्कार केला, दाजिबाला सोनं दिलं, गाजराचा हलवा मागून मागून खाल्ला आणि तिथेच पाय पसरले. दाजिबाने मनाशी ठरवलं, सकाळी उत्तरपूजा आटोपायची आणि लगेच बार काढायचा.

सकाळी तो आंघोळ करून आला, तर रंगराव ओल्या शेपटीने पाटासमोर बसलेला.

"उत्तरपूजा घरच्या मालकाने करायची असते," रंगराव म्हणाला. "आणि मला इतक्यात करायची नाही."

दाजिबाने सगुणेकडे पाहिलं. तिने नाइलाजाने मान हलवली. शास्त्र तसंच होतं.

हल्ली दोघं करवंदीच्या जाळीत राहतात. पिस्तूल बिळात पाटावरच आहे. दर दसऱ्याला दाजिबा दर्शनाला जातो, रांगेत उभा राहतो, आणि झेंडूची माळ स्वतःच्या खर्चाने नेतो.

तात्पर्य: मुलांनो, घरात शस्त्र जरूर ठेवावं. घर बळकावायला येणाऱ्यालाही पुढे तिथे सुरक्षित वाटलं पाहिजे.