दोघांच्या मापाची सीट

फक्त आरसा बदलायचा, एवढंच ठरलं होतं.

आता मोटरसायकलचा आरसा बदलणं म्हणजे काही हृदय बदलणं नव्हे. दोन स्क्रू काढायचे, दोन लावायचे, आणि चहा गार व्हायच्या आत हात धुवायचे. पण हे काम अपूर्णरावांनी हाती घेतलं होतं.

अपूर्णराव हे काही त्यांच्या आईवडिलांनी ठेवलेलं नाव नव्हे. पाणीपुरवठा कार्यालयात नव्या नळजोडणीचे अर्ज तपासायचं काम त्यांच्याकडे, आणि टेबलावर ‘अपूर्ण’ असा एक लाकडी शिक्का. त्यांच्या हाताखालून अर्ज पहिल्या फेरीत पुढे गेल्याचं कुणाच्या ऐकिवात नाही. एकदा तर एक वैतागलेला गृहस्थ त्यांच्यासमोर येऊन म्हणाला, “साहेब, आता मी तरी पूर्ण आहे ना?” अपूर्णरावांनी त्याला नखशिखांत न्याहाळलं आणि विचारलं, “सोबत कोणी आणलंय का?”

तर अशा माणसाकडे इटालियन मोटरसायकल आली.

कशी आली, ते सांगत बसलो तर नमनालाच घडाभर तेल जाईल. पण का आली, ते सांगायला हवं. लग्नाच्या पहिल्या वर्षी नवराबायको बसने डोंगरापलीकडे चालले होते. खिंडीच्या माथ्यावर बस तापली, म्हणून ड्रायव्हरने सगळ्यांना खाली उतरवलं. तिथे दगडी कठड्याला लागून ती उभी होती. लांबट टाकी, आणि इंजिनाचे दोन सिलिंडर दोन्ही अंगांना बाहेर आलेले, कमरेवर हात ठेवून उभ्या राहिलेल्या बाईच्या कोपरांसारखे. एक पिकल्या केसांचं जोडपं आलं, दोघं चढली. गाडी सुरू होताच तिने उजवीकडे एक हलका झोका घेतला, आणि ती वळणापलीकडे गेली. आवाज मात्र बराच वेळ ऐकू येत राहिला.

“कुठली हो ही?” अपूर्णरावांनी विचारलं.

“इटालियन,” ड्रायव्हर पाणी ओतता ओतता म्हणाला. “आपल्यातली नव्हे.”

ते ‘आपल्यातली नव्हे’ अपूर्णरावांच्या जिव्हारी लागलं. त्या दिवसापासून तेवीस वर्षं ते एकच चित्र मनात घोळवत होते. आपण त्याच कठड्याशी गाडी लावून बसलोय, कोणीतरी अनोळखी माणूस येतो, आपण तेव्हा पाहिलं तसं तो आ वासून पाहत राहतो, आणि आपण अगदी सहज सांगतो, “इटालियन आहे.” एवढंच. बाकी आयुष्याकडे त्यांनी फारसं काही मागितलं नव्हतं. (नळाचं पाणी सोडून, पण ते मागायची त्यांना गरज नव्हती.)

गाडी दारात आली ती नवीच, पण जुन्या वळणाची होती. त्यांनी किल्ली फिरवली. गाडीने उजवीकडे झोका घेतला आणि अपूर्णरावांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. बायको दारात उभी होती. ती म्हणाली, “मान डोलावतेय बघा. चला म्हणतेय.”

“जाऊ की,” अपूर्णराव म्हणाले. “येत्या रविवारी. फक्त हे आरसे बघ ना, कसे रबरी कानांसारखे दिसतायत. तेवढे बदलतो आणि निघू.”

बायको आत गेली आणि तिने शिलाई मशीन चालू केलं. ती घरबसल्या सोफ्यांची आणि खुर्च्यांची कव्हरं शिवायची. गावभरच्या बैठकी तिच्या हाताखालून गेलेल्या. तिचं माप चुकलंय, असं आजवर कोणी म्हणालं नव्हतं.

गॅरेजातल्या मिस्तरींनी नवा गोल आरसा हँडलच्या टोकाला लावला. मिस्तरी म्हणजे शब्दाला महाग माणूस. पंधरा पावलं मागे जाऊन त्यांनी गाडीकडे पाहिलं.

“कसा दिसतोय?” अपूर्णरावांनी विचारलं.

“आरसा चांगलाय. हँडल उंच वाटतंय.”

झालं! हँडल बदललं. नवं हँडल इतकं खाली, की गाडीवर बसल्यावर अपूर्णराव पलंगाखाली गेलेली चप्पल शोधताहेत असं वाटे. वाकल्यावर गुडघे कोपरांना लागायला लागले, म्हणून पाय ठेवायच्या खुंट्या मागे न्याव्या लागल्या. त्या मागे गेल्या त्या नेमक्या मागच्या माणसाच्या खुंट्यांच्या जागी, म्हणून त्या दोन काढून डब्यात टाकल्या. मग मागची पकडायची दांडी कशाला हवी? तीही गेली. मधे सायलेन्सर झाले, दिवे झाले, टाकीवरची पट्टी तीनदा रंगवून झाली. दर रविवारी मिस्तरी पंधरा पावलं मागे जात आणि दर रविवारी त्यांना काहीतरी वाटे.

अकरा महिने झाले. गाडी धावली होती ती घर ते गॅरेज आणि गॅरेज ते घर. कार्यालयातले लोक विचारत, “काय, खिंडीत जाऊन आलात का?” अपूर्णराव म्हणत, “पूर्ण झाली की जाणार.” मग सगळे एकमेकांकडे बघत. घरी बायकोही सुरुवातीला विचारायची, “या रविवारी?” पुढे पुढे ती फक्त वर बघायची. नंतर तिने वर बघणंही सोडलं. अपूर्णरावांनी त्याचा अर्थ असा काढला की हिला गाडीचा कंटाळा आहे. (बायकोच्या गप्प बसण्याचा अर्थ लावणं हे मोठ्या मोठ्यांना जमलेलं नाही, पण निदान ते चार चुकीचे अर्थ काढून बघतात. अपूर्णराव पहिल्यावरच थांबले.)

शेवटी हत्ती गेला आणि शेपूट राहिलं. सीट.

“आता ही लांब सीट शोभत नाही,” मिस्तरी म्हणाले. “एकट्याची लावा. मागून गोल.”

अपूर्णरावांना पटलं. मिस्तरींनी पत्र्याची छोटी बैठक केली, वर फोम चढवला. अपूर्णरावांनी वर्तमानपत्राचा कागद लावून तिचा नमुना कापला, पुढून निमुळता, मागून सरळ. गोल पत्रा मागे उघडाच राहणार होता. तपकिरी कातडं घेऊन ते घरी आले आणि मशीनवर ठेवून म्हणाले, “सीटचं कव्हर. आडव्या शिवणी हव्यात, एकाला एक लागून. तू शिवशील?”

बायकोने मशीन थांबवलं. तिचा चेहरा कितीतरी दिवसांनी उजळला. तिने कागद हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला.

“एवढाच?”

“एवढाच.”

“म्हणजे घडीवर ना?”

आता घडीवर म्हणजे काय, हे अपूर्णरावांना कुठे ठाऊक! शिवणकामात नमुना अर्धाच कापतात. त्याची सरळ कड कापडाच्या घडीवर ठेवायची आणि कापायचं, उलगडलं की पूर्ण माप होतं. तेवीस वर्षं घरात हेच चाललेलं, पण त्यांनी कधी मान वळवून पाहिलं असेल तर शपथ. अज्ञान कबूल करायचं नाही हा कार्यालयीन नियम पाळून ते म्हणाले, “हो हो, घडीवरच. तुला काय सांगायचं?”

चार दिवस बायको गुणगुणत शिवत होती. कार्यालयातून आल्यावर त्यांना जेवायला दोन पदार्थ जास्तच मिळाले. पाचव्या दिवशी तिने गुंडाळी हातात दिली आणि म्हणाली, “रविवारी मी लवकर उठेन.” अपूर्णरावांना वाटलं, ऑर्डर असेल कोणाची.

गॅरेजात मिस्तरींनी गुंडाळी उलगडली. उलगडतच राहिले. मग पंधरा पावलं मागे गेले.

“हे कव्हर आहे की सतरंजी?”

कव्हर बरोबर दुप्पट लांब होतं. शिवण मात्र अशी, की मिस्तरींसारखा माणूसही त्यावरून दोनदा हात फिरवत राहिला. अपूर्णराव तणतणत घरी आले.

“अगं, माप चुकलं!”

बायकोचा पाय मशीनवरच थांबला. “माझं?”

“नाहीतर कोणाचं? दुप्पट झालंय. मी कागद दिला होता ना!”

“अर्धा कागद दिलात तर मी घडीवरच कापणार. विचारलंही होतं तुम्हाला.”

“अर्धा कुठला? अख्खाच होता तो!”

“अख्खा?” बायको उठून उभी राहिली. “एका माणसाचा?”

अपूर्णराव म्हणाले, “हो, म्हणजे... तशी स्टाईल आहे. एकट्याची.”

मग मशीनचा खण उघडून तिने एक स्कार्फ बाहेर काढला, पिवळा, कडेने बारीक शिवण घातलेला. “अकरा महिन्यांपूर्वी शिवलाय,” ती म्हणाली. “त्या बाईने बांधला होता तसा. खिंडीतल्या. तुम्ही गाडी बघत होता, मी तिला बघत होते. तिने बसल्यावर एकदाही मागे वळून पाहिलं नव्हतं. आपणही कधीतरी असं निघून जावं, एवढंच मला तेव्हापासून वाटतंय. मला वाटलं, तुम्हालाही तेच वाटतंय. म्हणून आपली गाडी आली. तुमचा शिक्का एकदा स्वतःच्या कपाळावर मारून घ्या.”

अपूर्णरावांच्या तेवीस वर्षांच्या चित्रात खिंड होती, कठडा होता, गाडी होती, आ वासलेला अनोळखी माणूससुद्धा होता. बायको नव्हती. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, पण त्यांनी कळसाच डब्यात टाकून दिला होता, मागच्या खुंट्यांसकट. त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली, की ते चपला न घालताच गॅरेजकडे निघाले.

“माझी जुनी सीट द्या,” ते धापा टाकत म्हणाले.

“तिच्यावर सासरे बसलेत,” मिस्तरी म्हणाले.

खरोखरच बसले होते. मिस्तरींनी ती लांब सीट चार विटांवर ठेवून दारात बाक केला होता, आणि त्यावर त्यांचे सासरे पेंगत होते.

“त्यांना उठवा ना.”

“ते आपले आपण उठतात. पाचच्या सुमाराला.”

पुढे वाद घालण्यात अर्थ नव्हता. अपूर्णराव त्यांच्या शेजारी टेकले. म्हातारबुवांनी एक डोळा उघडला, जरासे सरकले आणि समाधानाने म्हणाले, “दोघांना छान पुरते.” अपूर्णराव अनवाणी पाय जमिनीवर ठेवून दोन तास तिथे बसले. आपल्या शेजारी मोकळी राहिलेली जागा आजवर किती वेळा आपण भरून टाकली, कागदांनी, फायलींनी, ‘पुढच्या रविवारी’ने, याचा विचार करत राहिले. पाचला सासरे उठले.

मग काय, ये रे माझ्या मागल्या! लांब सीट लावायची तर मागच्या खुंट्या हव्यात. त्या लावायच्या तर पुढच्या पुढे घ्यायला हव्यात. त्या पुढे आल्या तर खालचं हँडल चालेना. दांडी परत आली, हँडल परत आलं. नव्या सायलेन्सरच्या आवाजाने बायकोचं डोकं दुखेल म्हणून जुने परत आले, मग दिवे आणि टाकीवरची मूळ पट्टीही. शनिवारी संध्याकाळी मिस्तरी पंधरा पावलं मागे गेले. अकरा महिन्यांच्या मेहनतीनंतर गाडी हुबेहूब शोरूममधून आली तशी दिसत होती. गोल आरसा एक तेवढा राहिला. कव्हर लांब सीटवर चढवलं, तर एक दोरा इकडचा तिकडे झाला नाही.

रविवारी पहाटेच दोघं निघाले. बायकोने पिवळा स्कार्फ बांधला होता. किल्ली फिरवली, गाडीने मान डोलावली. ती मागे बसली, खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, “चला.” तिने एकदाही मागे वळून पाहिलं नाही. अपूर्णरावांनी मात्र आरशात पाहिलं. त्यात रस्ता दिसतच नव्हता, नुसता पिवळा स्कार्फ फडफडत होता. आरसा सरकवायचं त्यांच्या मनात आलं, पण त्यांनी तो तसाच राहू दिला.

खिंड आली. कठडा तोच होता, एक दगड मात्र निखळला होता. दोघं गाडीवरून न उतरता समोरच्या दरीकडे पाहत बसले. बायको म्हणाली, “उशीर झाला, पण आलो.” अपूर्णरावांना वाटलं, आता कोणी अनोळखी नाही आलं तरी चालेल.

आणि नेमका तेव्हाच तो आला. तिशीतला, जाकीट घातलेला. चार पावलांवर थांबला आणि आ वासून पाहत राहिला. अगदी तस्साच. तेवीस वर्षं! अपूर्णरावांनी खांदे सरळ केले, दरीकडे पाहिलं आणि अगदी सहज म्हणाले, “इटालियन आहे.”

“हो, माझीही तीच आहे. ती बघा तिकडे,” तो म्हणाला. त्याची नजर मात्र हलेना. “पण ही सीट कुणी शिवली हो? अशी शिवण मी आजवर पाहिली नाही.”

“मी,” मागून बायको म्हणाली आणि टुणकन खाली उतरली.

“खरंच, ताई? अगं, इकडे ये लवकर, बघ ही शिवण!” त्याने आपल्या बायकोला हाक मारली. तीही धावत आली. तिघं जणं सीटवर वाकली, हात फिरवू लागली, घडी, धागा, टाका यांवर बोलू लागली. अपूर्णराव टाकीवर हात ठेवून ताठ बसून होते, न जाणो, अजून कोणी गाडीबद्दल विचारेल. शेवटी त्या माणसाने त्यांच्या खांद्याला हलकेच हात लावला.

“काका, जरा उतरता का? तुम्ही बसलाय ना, तिथलं अर्धं दिसत नाहीये.”